मंत्रीबाई माझ्यावर वाकल्या तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळी, काळे लोखंडी पाऊल आणि खाली उजेड वळवणारा छोटा आरसा. एरवी मी शांत असतो, पण आज माझ्यासमोर जे घडले, त्याने मी पुरता हादरलो आहे.

भिंगे घासणाऱ्या कारागिरांनी मला घडवले आणि मी पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत आलो. खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा होती. तिथे एक नवी तंत्रज्ञ मुलगी रुजू झाली. एकेका थेंबावर ती इतका वेळ वाकून बसे, की शेजारची मैत्रीण म्हणे, "अगं, सोड आता त्यांना! बिचारे जंतू लाजून मरतील."

"मरू देत. आधी मोजून होऊ देत," ती डोळा न काढता म्हणे.

तिची पापणी माझ्या वरच्या भिंगाला टेके. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे ती प्रयोगशाळेची प्रमुख झाली, मग निवडून आली आणि आता आरोग्यमंत्री आहे. मधल्या काळात नवे सूक्ष्मदर्शक यंत्र आले. माझी खालची भिंगे कोणीतरी काढून नेली, ती परत आलीच नाहीत. त्यांच्याशिवाय माझ्यातून नुसता पांढरा उजेड दिसतो. मी कपाटावर धूळ खात राहिलो.

आज सकाळी एकच धांदल उडाली. जवळच्या वस्तीत मुले जुलाबांनी आजारी होती, आणि मंत्रीबाई स्वतः पाणी तपासणार होत्या. नवे यंत्र मांडून ठेवले होते, पण त्यांच्या सहायकाने नाक मुरडले. "हा डबा कसला? तो वरचा पितळी काढा. मॅडमची सगळी कारकीर्द त्याच्यावर झालीय. फोटोत कसा उठून दिसेल!"

मला पुसून टेबलावर ठेवले. सहायकाने बाईंची कारकीर्द मोठ्याने सांगितली. वस्तीतल्या एका आईने बाटलीतून नळाचे पाणी आणले होते. त्याचा थेंब काचपट्टीवर पडला. बाई वाकल्या. तीच पापणी! सवयीने त्यांचे बोट खालचे भिंग फिरवायला गेले, रिकाम्या भोकाला लागले आणि थबकले. मला वाटले, आता त्या हसतील आणि म्हणतील, अरे, याला भिंगच नाही.

"मॅडम, काय दिसतंय?" कॅमेऱ्यामागून कोणीतरी विचारले.

त्या सरळ झाल्या. "स्वच्छ आहे. काळजीचं काही कारण नाही."

टाळ्या पडल्या. माझा विश्वासच बसेना. हीच का ती?

ती आई पुढे आली. "म्हणजे ताई, आता उकळायला नको ना? डॉक्टर म्हणाले होते उकळा. पण तुम्ही तर यातल्याच. तुम्ही म्हणता तर असंच पाजते लेकराला."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून मान डोलावली. फोटो निघाला.

आता खोली रिकामी आहे. शेजारी नवे यंत्र आहे, भिंगांसकट. काचपट्टीवरचा थेंब अजून सुकलेला नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. आज मला ते सुचत नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. ती आई बाटली घेऊन जिना उतरते आहे. तुमच्यापैकी ज्याचे पाय चपळ असतील, त्याने आधी धावत जावे आणि तिला थांबवावे.