चार-पन्नास

...डबीतली ती नखाएवढी काच, करडी, उजेडाकडे धरली तरी करडीच. तिच्यावर उभ्या असलेल्या कांड्या – केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक – नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत हे ठाऊक असूनही ती मघापासून पाहत होती. वीज लावली की या कांड्यांचं चुंबकत्व पालटत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"जमलं तेही तू सुट्टीवर असताना," सर प्रयोगशाळेची नोंदवही घेऊन आले. "भट्टी तुझ्यापेक्षा हुशार निघाली." मग आपल्याच थट्टेने ओशाळून म्हणाले, "बंद केल्याची वेळ तेवढी कोरी आहे बघ. फोन आला तशीच निघालीस ना? म्हणजे चार-दहा. लिहून टाक, तशाच पुन्हा बनवू."

तशीच निघाले... हे तिनेच सांगितलं होतं, सरांना, भावाला, इतक्यांदा की आता तोंडपाठ झालं होतं. "ताई, बाबांचं काही खरं नाही, लगेच ये," भाऊ म्हणाला होता, आणि "निघालेच" म्हणून ती भट्टीसमोर उभी राहिली होती. आच नुकतीच हवी तिथे पोचली होती. या खेपेला चाळीस मिनिटं ती तशीच ठेवून पाहायची, असं तिने मनाशीच ठरवलं होतं. चाळीस मिनिटं पर्स खांद्याला लावून, लाल आकड्याकडे बघत. मग बटण बंद केलं आणि भट्टीचं दार न उघडताच ती पळाली. बाबा पाचला गेले. ती सव्वापाचला पोचली. "रस्त्यात अडकलीस ना गं," भावानेच कारण हातात दिलं, आणि तिने मान हलवली.

कशासाठी थांबले मी? कांड्यांच्या लोभाने? की इथे उभी आहे तोवर तिकडे काही घडणार नाही, म्हणून? बाबा म्हणाले असते, हातातलं पुरं करून ये... पण हे तिच्या सोयीचे बाबा. खरे बाबा दाराकडे बघत पडले होते.

चार-दहा लिहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त सर वर्षभर डोकं फोडत बसले असते, आणि कांड्या उगवल्या नसत्या.

तिने चार-पन्नास लिहिलं.

सरांनी आकडा पाहिला, मग तिच्याकडे.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले.

"हो."

"मग आता दर वेळी चाळीस." आणि ते हात धुवायला गेले, हात स्वच्छ असूनही.

दर वेळी. लेख छापून येईल, त्यात 'पद्धत' म्हणून हे एक वाक्य असेल. कुठेतरी कुणी अनोळखी मुलगी घड्याळ लावील आणि तेवढ्यात चहा पिऊन येईल. त्या मुलीचा राग यायला हवा होता. आला नाही. भावाला सांगायचं अजून राहिलंच होतं, ते तसंच छातीवर होतं. पण त्या चाळीस मिनिटांत कुणीतरी नुसतं चहा पीत बसेल, या विचारापाशी ती थकून, जराशी टेकली.