पाठ लावलेला बाक

सुताराच्या घरी सकाळी रंधा सुरू झाला की लेक उठायची, असा लहानपणापासूनचा शिरस्ता. त्या शनिवारी मात्र ती आधीच उठून डाव्या हाताने चहा गाळत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. निम्मा चहा ओट्यावर सांडत होता, पण ती कुणाला हात लावू देत नव्हती.

"जिन्यावरून पडले," असं तिने शेजाऱ्यांना सांगितलं होतं. बापाला काही सांगावं लागलं नाही. दोन वर्षांत ती तीनदा जिन्यावरून पडली होती, आणि तिचं सासर तळमजल्यावर होतं.

जावई चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख. गळा असा गोड, की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. सुतार स्वतः त्याच चर्चच्या मंडळीचा पंच. वीस वर्षं प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी ओळीओळीने तोच फिरवायचा. दारूचा थेंब नाही, तोंडात खोटं नाही, मापात लबाडी नाही. ख्रिस्ती माणसाने कसं जगावं, असा विषय निघाला की लोक त्याचंच नाव घेत.

त्या मंडळीत एक नियम होता. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईने परत जाईपर्यंत सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या बिनपाठीच्या बाकावर बसायचं. थाळी तिच्यापर्यंत न्यायची नाही. नवऱ्याने काय केलं, हे विचारायची पद्धतच नव्हती. बाक सुतारानेच केलेला. पाठ लावायची नाही, असं पंचांनी ठरवलं तेव्हा त्याचाही हात वर होता.

सात वर्षांपूर्वी शिवणकाम करणारी एक बाई त्या बाकावर चार रविवार बसली आणि पाचव्या आठवड्यात निमूटपणे नवऱ्याकडे परत गेली. वर्षभरात तिची शवपेटी सुतारानेच केली. पाच फूट एक इंच. ते माप तो अजून विसरला नव्हता.

दहाच्या सुमाराला चर्चचे पाळक आले. भला माणूस, आवाज कधी चढायचा नाही.

"तुमच्यावर अवघड वेळ आलीय, कळतंय मला. पण नियम सगळ्यांना सारखा. तुमच्या मुलीला सवलत दिली, तर उद्या लोक तोंडावर बोलतील."

"त्याने हात मोडलाय तिचा, पाळकसाहेब."

"मी बोलतो त्याच्याशी. प्रार्थनाही करतोय." ते जायला उठले आणि दारात थबकले. "आणि हो, त्या बाकाचा एक पाय डुगडुगतोय. उद्याच्या आत तेवढं बघाल का?"

"बघतो," सुतार म्हणाला. आलेल्या कामाला नाही म्हणायची सवयच नव्हती त्याला.

दुपारी बाक त्याच्या कामाच्या खोलीत येऊन पडला. दार लावून सुतार करवत हातात घेऊन उभा राहिला. दहा मिनिटांत त्याचं सरपण झालं असतं. पण मग पंचांना काय सांगायचं? वीस वर्षांची इज्जत अशी एका दुपारी घालवायची? त्याची छाती होईना. त्याने करवत खाली ठेवली, पाय पक्का केला, आणि मग एक चांगली फळी काढून बाकाला पाठ बसवली. तिच्या मोडक्या हाताला टेकू म्हणून एका बाजूला खुर्चीसारखा हातही बसवला. कुसळ टोचू नये म्हणून दोनदा पॉलिश पेपर मारला. संध्याकाळी घाम पुसताना आपण लेकीसाठी काहीतरी केलं, असं वाटून त्याला जरा बरं वाटलं.

रविवारी बाकाजवळ येताच ती थांबली.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"तुला हात टेकायला. दीड तास बसायचं म्हणजे..."

"मला वाटलं होतं, तुम्ही तो मोडाल," ती म्हणाली. रागावली नव्हती. नुसती बसली.

जावई गायला. भोवतालच्या बायकांनी डोळे टिपले. सुतार थाळी घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत आला. पुढे चार पावलांवर बाक. थाळीत भाकरीचे तुकडे उरले होते. लेकीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, अगदी लहानपणी शाळेच्या फाटकापाशी वाट पाहायची तशी. त्याने एक पाऊल उचललं. मागे वेदीजवळून पाळक हलकेच खाकरले. सुतार वळला आणि थाळी परत घेऊन गेला.

उपासना सुटल्यावर एका पंचाने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "पाठ झकास बसवलीत हो! आता बायका दोन-दोन महिने बसल्या तरी कुरकुर नाही."

आपण काय करून बसलो, ते सुताराला तेव्हा कळलं. तो धावतच दाराशी आला. लेक पायऱ्या उतरत होती. शेजारी जावई, तिची पिशवी हातात घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हसून नमस्कार करत होता.

"कुठे निघालीस?"

"घरी. तिथे निदान मारणारा एकटाच आहे, बाबा."

त्याला 'थांब' म्हणायचं होतं. मोठ्याने, सगळ्या मंडळीसमोर. पण मागेच पंच उभे होते. ती पाठमोरी चालू लागली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने सुताराची नजर तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत गेली.

पाच फूट दोन इंच.