वाकड्या टोकाची पहार

माझी बायको ग्लाफिरा बुडाली हे मला एप्रिलमधल्या एका दुपारी कळलं. तळ्यात लव्हाळ्यापाशी बर्फाला भगदाड पडलं होतं. काठावर तिची घसरगाडी होती, मासे ठेवायची बादली होती. ग्लाफिरा दोन दिवसांनी सापडली. पहार सापडली नाही.

आमच्या उरलमध्ये बर्फावर जाणारा माणूस पहार पुढं आपटत चालतो. आवाज पोकळ आला की मागं फिरतो.

मयतीच्या जेवणातच तिची बहीण तैसिया म्हणाली, "येफीम, गाडीत पहार ठेवली व्हतीस का?"

"ठेवली होती."

"मग ग्लाफिरा बुडली कशी?"

रोज मीच ठेवायचो. पण आदल्या दिवशी तळ्याच्या मध्यावर मी एकटाच मासे धरत होतो. तिथंच विसरलो असेन, तर बर्फ वितळल्यावर पहार तिथंच बुडाली असणार. लव्हाळ्यापाशी निघाली, तर ती ग्लाफिराच्या हातात होती.

पुढच्या हिवाळ्यात आभाळातून दगड पडला, तोही नेमका मध्यावर. उन्हाळ्यात तो काढायला शहरातली माणसं आली. दोरांना लोहचुंबक बांधलेले, पाण्याखाली धातू हुडकणारं यंत्र. मी माझी नाव दिली. अट एकच, निघेल ते लोखंड आधी मला दाखवायचं.

"आजोबा, आम्हाला दगड हवाय, भंगार नको," त्यांचा पाणबुड्या रोदियोन म्हणाला.

"भंगार माझं."

यंत्र दिवसभर कुंईकुंई करायचं. चुलीचं दार निघालं. ते शेजाऱ्यानं चोरलं म्हणून गावातला प्रोखोर तीस वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. ते घेऊन तो गुपचूप घरी गेला. चार पहारी निघाल्या. प्रत्येक वेळी मी आधी टोक बघितलं. चारही सरळ टोकाच्या. आमची वाकडी होती.

तैसिया रोज काठावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायची. "हाय का रं?"

"नाही."

"तळ अजून लई हाय."

नवव्या दिवशी दगड निघाला. बटाट्याएवढा. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

"लव्हाळ्याकडं बघायचं राहिलं," मी म्हणालो.

"तिथं दगड पडलाच नाही, आजोबा." मग रोदियोननं काठावर बसलेल्या तैसियाकडं पाहिलं आणि एक चुंबक दोरासकट माझ्या नावेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नाव सोडली, तर तैसिया आत येऊन बसली. वल्ही तिनं घेतली.

"तू कशाला?"

"तू एकटा गेलास तर घावली म्हणून सांगशील."

मध्यावर पहार नाही, एवढं पक्कं झालं. लव्हाळ्यात दोर गुंततो, दिवसाला दोन-चार हात पाणीच बघून होतं. लव्हाळ्याची अर्धी बाजू अजून राहिली आहे.