चिमट्यात धरलेली पानं

सासऱ्यांची चाळीस वर्षं पाठीवर पंप घेऊन फवारणी करण्यात गेली होती. कीड दिसली की मारायची, एक घाव दोन तुकडे. त्यामुळे सुनेने काकडीच्या हरितगृहात बाटलीतून विकतचे, टाचणीच्या टोकाएवढे कोळी आणून सोडले, तेव्हा ते म्हणाले, "घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं!"

"बाबा, हे मित्रकोळी. पानांचा रस पिणारे लाल कोळी खातात. फक्त तुमचं जहाल औषध नको, त्याने दोघंही मरतील."

मित्रकोळ्यांना न बाधणाऱ्या एका सौम्य औषधाचं नाव तिने दारावर चिकटवलं. सासऱ्यांनी नुसतं 'हूं' केलं.

महिनाभर बरं चाललं. मग आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती माहेरी गेली आणि इकडे दाराजवळच्या तीन ओळी लाल कोळ्यांनी पिवळ्या पडल्या.

ती परतली, तर पंप ओला. ती तशीच आत धावली. तीन ओळींवर फवारणी झाली होती. चौथ्या ओळीवर मात्र जागोजागी कपड्यांचे चिमटे, आणि प्रत्येक चिमट्यात एकेक तोडलेलं पान.

"हे काय, बाबा?"

"तुझी मंडळी हलवली," भिंग पुसत सासरे म्हणाले. "ज्या पानावर दिसली ते पान इकडे. दीड दिवस मोडला. मग दारावरचंच औषध मारलं, तीनच ओळींवर, पानांच्या खालून. थेंब पलीकडे उडू दिला नाही."

"अहो, त्या औषधाने ते मेले नसते!"

"कागदावर लिहिलंय खरं. पण पाहुणे घरात असताना कोणी भिंती रंगवतं का?"

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "चिमटे सापडले का गं? ओल्या चादरी घेऊन ताटकळलेय मी!"

सून हसता हसता रडायलाच लागली.

एक ओळ हातची गेली, ती उपटावी लागली. बाकीच्या दोन ओळींना नवी पानं फुटली. पंधरा दिवसांनी त्या पानांवर मित्रकोळी फिरताना दिसले. सासरे भिंग लावून कितीतरी वेळ ओणवे.

"लाल कोळी संपले की हे काय खाणार?"

"उपाशी मरतील, नाहीतर निघून जातील."

कडेच्या एका वेलीवर थोडे लाल कोळी उरले होते. सून पंप उचलायला गेली, तसा सासऱ्यांनी तो बाजूला सरकवला.

"असू दे गं. तेवढे राहू देत त्यांच्या डब्याला."