फाट्यावरचा वाघोबा

पांढरकुंड फाट्यावर बापूरावांच्या हॉटेलाशिवाय खायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून लोक त्यांच्याकडे खात. खाणीची पाळी सुटली की मोटरसायकली तिथेच वळत, पोह्यांवर तर्री म्हणून लाल पाणी ओतून घेत आणि मुकाट्याने निघून जात. बापूरावांना वाटे, लोकांना चव आवडते.

मग रिना आली. जुन्या टेम्पोला खिडकी पाडून तिने आत शेगडी बसवली होती. टेम्पो तिने हॉटेलसमोर, रस्त्यापलीकडे उभा केला. आठवडाभरात बापूरावांच्या बाकड्यांवर माश्यासुद्धा बसेनाशा झाल्या. त्याही पलीकडे गेल्या होत्या.

बापूरावांनी तक्रार केली. परवान्यांचा निरीक्षक बिरजू टेप घेऊन आला. रिनाचा परवाना काचेला चिकटवलेला, शेगडी तपासलेली, कचऱ्याच्या डब्याला झाकण. बिरजूला वाईट वाटलं.

"भाऊ, काहीच सापडून नाई राह्यलं. फिरत्या गाडीनं शाळा, दवाखाना अन् देवस्थानापासून शंभर मीटर लांब राहावं, एवढाच नियम उरला. इथी काय हाय जवळ?"

"मी आहो ना."

"तुम्ही त्यात बसत नाई."

शाळा एका दिवसात उभी राहत नाही. दवाखान्याला निदान एक डॉक्टर लागतो. देवाला मात्र दगड पुरतो. बापूरावांनी मुरमाच्या ढिगातला एक ऐटदार दगड उचलून रस्त्याकडेला रोवला, शेंदूर फासला, शेजारी काठीला लाल चिंधी बांधली. आता देव कोणता? बजरंगबली म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत मंडळ निघालं असतं आणि वर्गणीला पहिलं त्यांच्याच दारी आलं असतं. वाघोबाला मंडळ नसतं. बापूरावांनी स्वस्तातला देव निवडला.

बिरजूने पुन्हा टेप लावला. टेम्पो शंभर मीटरच्या बराच आत भरला.

रिना खिडकीतून वाकली. "बापूरावभाऊ, वाघोबा तर जिथी वाघ दिसते तिथीच बसवते ना लोक? तुम्हाले कुठी दिसला?"

बिरजू टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. बापूरावांनी दगडामागे बोट दाखवलं.

"तिथीच. बोरीच्या झुडपात," ते म्हणाले. "हा एवढा." हात पसरले ते जरा जास्तच पसरले गेले.

रिनाने टेम्पो चालू केला. "सांभाळा मग त्याले," ती म्हणाली आणि वळणापाशी जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी बापूरावांनी दुप्पट पोहे भिजवले. पाळी सुटली. मोटरसायकली आल्या, स्वारांनी दगडापुढे हात कपाळाला लावला आणि त्या आल्या होत्या त्याहून जोरात निघून गेल्या. जंगू हे जुनं गिऱ्हाईक. त्याला बापूरावांनी हात केला. तो थांबला, पण गाडी बंद केली नाही.

"ये ना बे, पोहे गरम हायेत."

"भाऊ, माह्या साळ्यानं बी पाहिला. मादी हाय. पिल्लं हायेत संग."

"कुठी?"

"तुमच्याच झुडपात. एवढ्या जवळून पाहून बी तुम्ही इथी बसून राह्यले, मानलं तुम्हाले." आणि तो गेला.

मग वनखात्याची पाटी आली. 'वाघाचा वावर. येथे थांबू नये.' खांब नेमका हॉटेलच्या पायरीपाशी रोवला, कारण भांड्यांच्या पाण्याने तिथली माती मऊ होती.

"दगड उपटतो मी," बापूराव बायकोला म्हणाले.

आशाबाई दगडापुढे दिवा लावून नुकत्याच आल्या होत्या. "हात तर लावून पाहा. वाघोबाले उठवणाऱ्याच्या घरी वाघच येते मग."

हे बापूरावांना लहानपणापासून माहीत होतं. शेंदूर फासतानाही त्यांनी मनातल्या मनात माफी मागून ठेवली होती.

दिवस कलताना ते रिनाकडे निघाले. शंभर मीटरचा रस्ता, पण सारखे मागे बघत गेले. टेम्पोभोवती अख्खी पाळी उभी होती. बिरजूही आलूबोंडा खात होता.

"तू सांग ना या लोकायले, तिथी वाघ नाई म्हणून," बापूराव दबक्या आवाजात म्हणाले. "तुले तर माहीत हाय."

"मले कसं माहीत? पाहिला तर तुम्ही." रिनाने प्लेट पुसली. "तुम्हीच सांगा ना. मोठ्यानं सांगा, वाघोबा खोटा हाय, मीच रंगवला."

सगळे चमचे थांबले. बापूरावांनी तोंड उघडलं. तिकडे लाल चिंधी हलत होती. वारा नव्हता. त्यांनी तोंड मिटलं.

"बसा मग," रिना म्हणाली. "एकटे नका जाऊ, अंधार पडून राह्यला. तिकडं थांबणारं कोणी भेटलं तर पाठवते संग. भेटत तर कोणी नाई म्हणा."

तिने प्लेट पुढे केली. "तर्री?"

"वाढ," बापूराव दातओठ खात म्हणाले.

तर्री चांगली होती. सगळ्यात जास्त राग त्यांना त्याचाच आला.