कुलूप घातलेला हापसा

मी पंप बोलतोय. गावचा हातपंप, तुमच्याकडे हापसा म्हणतात, तोच. आयर्लंडातल्या पोर्टलीश शहराच्या पुढे एक चर्च, एक पब आणि बँका बुडाल्यावर अर्धवट राहिलेली घरं, एवढ्यात आमचं गाव संपतं. जन्म माझा इंग्लंडातल्या कारखान्यातला. इंग्रज गेले, मी राहिलो. मला हिरवा रंग फासून आयरिश करून घेतलं.

पुढे घरोघर नळ आले, माझी गरज संपली आणि मग गावाला माझ्याबद्दल प्रेमाचं भरतं आलं. नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेसाठी कमिटी बसली. अध्यक्षा ब्रीजिटबाईंनी माझ्या तोंडाला फुलांची कुंडी टांगली आणि दांड्याला साखळी घालून कुलूप ठोकलं. पाणी सांडलं की चिखल होतो, चिखल झाला की मार्क जातात!

२०१०च्या डिसेंबरात अशी थंडी पडली की सगळे नळ गोठले. माझं पाणी खोल विहिरीतलं, त्याला काही झालं नव्हतं. सारं गाव बादल्या घेऊन माझ्याकडे आलं आणि कुलपाकडे बघत उभं राहिलं.

त्यात शोभनाताई होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी बार्शीहून आलेल्या. मुलगा प्रसन्न पोर्टलीशच्या हॉस्पिटलात डॉक्टर.

"किल्ली सापडत नाही. आणि मीटिंगशिवाय कुलूप तोडता येणार नाही," ब्रीजिटबाई इंग्रजीत म्हणाल्या.

प्रसन्नने आईला ते सांगितलं, तशा शोभनाताई कडाडल्या, "तिला म्हणावं, घरात ओली बाळंतीण आहे. लेकराला काय तुझ्या मीटिंगनं न्हाऊ घालू?"

प्रसन्नने हसतमुखाने भाषांतर केलं, "आई म्हणते, ग्रँड, नो रश." म्हणजे झकास, काही घाई नाही. परक्या गावात वाईटपणा कोण घेणार?

शोभनाताई तडक घरी गेल्या आणि सुंठ कुटायला बार्शीहून आणलेला लोखंडी बत्ता घेऊन आल्या. कुलूप निमूटपणे तुटलं. त्यांनी पदर खोचून हापसायला सुरुवात केली. आधी गंज आला, मग स्वच्छ पाणी. किती वर्षांनी! आनंदाने माझा ऊर भरून आला. पहिली बादली शोभनाताईंची. दुसरी ब्रीजिटबाईंची, मीटिंगशिवाय.

उन्हाळ्यात कमिटीने मला आणखी मोठं कुलूप घातलं. शेजारी 'ऐतिहासिक पंप' अशी पाटी लावली. मार्क वाढले म्हणे.

आता २०१३ उजाडलंय. परवा प्रसन्न मुलाला घेऊन इथून चालला होता. छोट्या देवदत्तने माझा दांडा ओढून पाहिला.

"डॅडी, डझ इट वर्क?"

"नाही रे बाळा, ते नुसतं शोभेचं आहे."

अरे देवदत्ता, या गावातली तुझी पहिली आंघोळ माझ्या पाण्याची! बापाला नाही सांगवत, तर राहू दे. तू तेवढा आजीला फोन कर. ये म्हणावं, आणि येताना बत्ता आण.