गुरप्पाची डावी मिशी

पैज लागली चन्नप्पाच्या हॉटेलात, भज्यांच्या पहिल्या घाण्यावर.

"तक्रारींचं मंडळ बसलं की आठ दिवसांत नागव्वाची गाडी चौकीतनं बाहेर. न्हाय आली, तर ही अर्धी मिशी भर पेठेत उतरवीन," सायकल दुरुस्तीवाला गुरप्पा म्हणाला आणि मिशीला पीळ भरला. मिशी अशी, की पंक्चर नसलेली गिऱ्हाइकंबी बघायला थांबायची.

"अर्धीच का?" चन्नप्पानं झारा निथळत विचारलं.

"सगळी काढली तर कोण गेलं म्हणून लोक भेटाय येतील की."

"बरं. गाडी आली तर मी बायकोचं लुगडं नेसून 'मेथी घ्या मेथी' वरडत पेठ फिरतो. पर फिरावं लागत न्हाय मला. चौकीला तू अजून वळखला न्हाईस."

नागव्वाची भाजीची हातगाडी दोन महिने चौकीच्या आवारात उन्हात तडकत पडली होती. जमादारानं फुकट वांगी मागितली, हिनं पैसे मागितले, एवढाच गुन्हा. त्यानं गाडी ओढून नेली, पावतीसुद्धा दिली नाही. आता ती डोक्यावर मावेल तेवढी भाजी आणून पोत्यावर बसायची आणि दुपारीच रिकामी व्हायची. त्या गाडीची चाकं गुरप्पानं स्वतः बसवलेली. चौकीवरनं जाताना त्याची मान आपोआप तिकडं वळायची.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, लोकांची तोंडं नुकती उघडली होती. अशात वरनं हुकूम आला, की पेठेत पाच नागरिकांचं मंडळ नेमायचं आणि चौकीविरुद्धच्या तक्रारी त्यांनी तपासायच्या. गुरप्पानं दुकान बंद ठेवून तीनशे सह्या-अंगठे गोळा केले, पाच चांगली नावं लिहिली. अट एकच, अर्ज चौकीमार्फत यावा. आयुष्यभर लोकांना टोप्या घालणारा हा गडी, अर्ज स्वतःच्या हातानं फौजदाराच्या टेबलावर ठेवून वर शिक्का मारून घेऊन आला.

यादी लागली तेव्हा त्यातलं एकबी नाव नव्हतं. पहिलं नाव कोंडीबाचं. कोंडीबा म्हणजे चौकीबाहेरच्या बाकड्यावरचा हुकमी पंच, चहा पाजला की कुठल्याबी पंचनाम्यावर सही. बाकीचे चौघं त्याच बाकड्यावरचे.

"लुगडं धुऊन ठिवायची गरज न्हाय," चन्नप्पा म्हणाला. गुरप्पाला हसू आलं नाही.

शाळेच्या वर्गात मंडळ बसलं. फौजदार खुर्चीत, नागव्वा दाराशी उभी. फौजदारानं कागद वाचला. बारा फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता रस्त्यात बेवारस हातगाडी मिळाली, पंच कोंडीबा समक्ष हजर.

"यप्पा, मी गाडीला धरूनच हुते की," नागव्वा म्हणाली. "बेवारस कशी?"

कुणी तिच्याकडं बघितलं नाही. गुरप्पा उठला, अगदी गरीब तोंड करून.

"कोंडीबाकाका, सही तुमचीच न्हवं?"

"माझीच की. अशी वळणदार दुसऱ्या कुणाची हाय?"

"मग बारा तारखेला टेंबुर्णीला पुतणीच्या लग्नात पंगत कोण वाढत हुतं? आदल्या सांजंला येष्टीत तुमची पिशवी मीच चढवली. जिलबी आणतो म्हणालाव. अजून आणली न्हाय."

वर्ग हसला. कोंडीबा मात्र जराबी खजील झाला नाही.

"आरं, मी जाताना कोऱ्या कागदांवर सह्या देऊन गेलो हुतो. मी गावाला गेल्यावर सायबांचं काम अडाय नगं."

हसणं थांबलं. फौजदारानं घसा साफ केला. "विषय संपला. मंडळाचं मत?"

पाच हात वर झाले. सगळ्यात आधी कोंडीबाचा. गैर काही आढळलं नाही. आपलीच खोटी सही आपणच खरी ठरवून ते लोक चहाला उठले. फसवाफसवी गुरप्पानंबी जन्मभर केली होती, पण फसलेल्याच्या पोटावर पाय दिला नव्हता.

आठ दिवस सरले. रविवारी भर बाजारात गुरप्पानं चौकीच्या दारासमोर खुर्ची मांडली आणि महादेवप्पा न्हाव्याला बोलावलं.

"जाऊ दे की गुरप्पा," चन्नप्पा म्हणाला. "पैज मी सोडली."

"तू सोडलीस, मी न्हाय. आरसा धर."

माणसं जमली. नागव्वा पोत्यावरनं उठून आली. गर्दी बघून फौजदार पायरीवर आला.

"काय चाललंय?"

"पैज हरलो सायेब. तुमचं मंडळ गाडी सोडंल म्हणालो हुतो."

"मग हितं कशाला? घरी काढ."

"घरी कोण इच्यारणार? मी रोज पन्नास सायकली बघतो. पन्नास जण इच्यारणार, गुरप्पा, अर्धी मिशी कुटं गेली? पन्नास जणांस्नी सांगणार. जिलबीसकट."

गर्दीतनं कुणीतरी खुदकलं. चन्नप्पानं आरसा नीट धरला.

"आन् उरलेली अर्धी?" त्यानं विचारलं.

"गाडी सुटंस्तवर ऱ्हानार."

महादेवप्पानं साबण फासला. "कुठली काढू?"

"डावी," गुरप्पा म्हणाला आणि खुर्ची जरा फिरवून घेतली. "चौकीकडची."